सिंगापुरात लिलाव फक्त नंबराचा नसतो

जळगाव-भुसावळकडे एक समज पक्का आहे: सिंगापुरातला गाडीचा लिलाव म्हणजे आपल्या एमएच-१९ च्या पसंतीच्या नंबरासारखाच, ज्याची बोली मोठी त्याचा खिसा रिकामा. तसं नाही.

आपल्याकडे एका नंबरावर दोन अर्ज आले, की जादा रकमेच्या डीडीचं बंद पाकीट द्यायचं. जिंकणारा स्वतःची बोली भरतो. सिंगापुरात १९९० पासून बोली लागते ती गाडी बाळगण्याच्या परवान्यावर, म्हणजे सीओईवर. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या कोट्यापुरती. कारसाठी आधी १०,००० सिंगापुरी डॉलर अनामत.

समजा परवाने ३ आणि बोल्या ९५, ९२, ९० व ८८ हजारांच्या. तिघेही जिंकणारे ८८,००१ डॉलरच भरतात, ९५ वालासुद्धा! हरलेल्या सर्वांत मोठ्या बोलीवर एक डॉलर, एवढाच हिशेब. गाडीची किंमत अर्थातच वेगळी.

आणि हा परवाना कायमचाही नाही. मुदत १० वर्षं. पुढे गाडी ठेवायची तर गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी दराने ५ किंवा १० वर्षांचं नूतनीकरण. त्यातलं ५ वालं घेतलं तर पुन्हा मिळत नाही. नूतनीकरण नसेल तर गाडी भंगारात, किंवा देशाबाहेर. आपल्याकडे वीस वर्षांची जीप शेतावर निवांत उभी असते, ती चैन तिथे परवडायची नाही.