थायलंडमधली बौद्ध श्रद्धा आणि कायदेशीर गर्भपात

थायलंडमध्ये दहातले नऊहून जास्त लोक थेरवादी (पाली ग्रंथ मानणाऱ्या जुन्या परंपरेचे) बौद्ध आहेत, आणि ७ फेब्रुवारी २०२१ पासून तिथं १२ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात बाईने नुसतं 'मला नको' म्हटलं तरी कायदेशीर आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हा या नोंदीचा विषय. खरं सांगायचं तर त्या अजून नीट नांदत नाहीत, कायदा पुढे गेलाय पण हॉस्पिटलच्या दारात बाईला 'पाप लागेल' हे अजूनही ऐकावं लागतं.

आधी धम्मात काय आहे ते बघू. पंचशीलातलं पहिलंच शील, 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि', म्हणजे जीवहत्या न करण्याचं व्रत, जे आपल्याकडे नागपूरपासून मुंबईपर्यंतच्या बुद्धविहारांत रोज म्हटलं जातं, तेच थाई मुलांना लहानपणापासून पाठ असतं. मग जीव कधीपासून धरायचा? मज्झिम निकायातल्या महातण्हासंखय सुत्तात म्हटलंय की तीन गोष्टी जुळल्या की गर्भ राहतो, आईबापाचा संग, आईचा ऋतुकाळ आणि गंधब्ब, म्हणजे जन्म घ्यायला आलेला जीव. विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, तर आणखी स्पष्ट बोलतं, आईच्या पोटात पहिलं चित्त उमटलं की तिथून माणूस सुरू. आणि हे नुसतं पोथीत राहिलेलं नाही. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खू व्हायला, वय २० पूर्ण लागतं, ते जन्मतारखेपासून नाही तर गर्भ राहिल्यापासून मोजायचं, कुमारकस्सप नावाच्या भिक्खूच्या बाबतीत बुद्धांनी तसं सांगितलं, म्हणून १९ वर्षं आणि वर काही महिने झालेला मुलगाही भिक्खू होऊ शकतो. एखाद्या भिक्खूने बाईला गर्भ पाडायचं औषध दिलं आणि गर्भ गेला तर तो तिसरा पाराजिक, म्हणजे संघातून कायमचं बाहेर काढणारा गुन्हा, त्याचं चीवर कायमचं गेलं.

पण पाराजिक हा भिक्खूसंघाचा नियम आहे, संसारी बाईला तो लागत नाही हे वाद घालताना हमखास विसरलं जातं. शील म्हणजे आपण स्वतःहून घेतलेलं व्रत, ते मोडलं म्हणून धम्मातून कुणी बाहेर काढत नाही, आणि सगळ्या बौद्धांना हुकूम सोडेल असं एकच पीठही कुठं नाही. शिवाय कर्माचा हिशोब चेतनेवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, चालतो, 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि' हे बुद्धवचन प्रसिद्धच आहे. त्यामुळे गर्भपात हे अकुशल कर्म आहे असं मानणारे भिक्खूसुद्धा बलात्कारातून दिवस गेलेली पोरगी, जीव धोक्यात असलेली आई आणि बेफिकिरीने केलेलं कृत्य या सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाहीत. माझ्या मते इथं धम्म कायद्यापेक्षा जास्त समजूतदार आहे.

कायद्याची गोष्ट मात्र लांबली. १९५७ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत कलम ३०१ प्रमाणे गर्भपात करून घेणाऱ्या बाईला ३ वर्षांपर्यंत कैद होती, कलम ३०५ मध्ये सवलत दोनच, बाईची तब्येत किंवा बलात्कारासारखे गुन्हे, आणि तेही डॉक्टरनेच केलं तर. १९८१ मध्ये ही सवलत वाढवणारं बिल खालच्या सभागृहात पास झालं पण सिनेटने ते पाडलं. विरोधात पुढे होते चामलाँग श्रीमुआंग, सांती असोक या कडक बौद्ध पंथाचे अनुयायी, जे पुढे बँकॉकचे गव्हर्नर झाले. त्याच काळात कुटुंबनियोजनाचे प्रचारक मेचाई वीरवैद्य गावोगाव कंडोम वाटत होते आणि भिक्खू त्या कुटुंबनियोजनाच्या साधनांवर मंगल पाणी शिंपडून आशीर्वाद देत होते, म्हणजे गर्भ राहू न देण्याला संघाची हरकत नव्हती, राहिलेला गर्भ पाडण्याला होती. २००५ मध्ये मेडिकल कौन्सिलने 'तब्येत' या शब्दात मानसिक आरोग्यही धरलं, पण बऱ्याच डॉक्टरांनी तो नियम मनावर घेतलाच नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये बँकॉकच्या वाट फाई न्गोएन या विहाराच्या शवागारातून घाण वास येऊ लागला आणि तपासात २,००२ गर्भ सापडले. बेकायदा क्लिनिकांतून ते गुपचूप दहनासाठी तिथल्या कामगारांकडे दिलेले होते. देश हादरला, लोक खेळणी आणि दूध घेऊन विहारात आले, त्या जिवांना पुण्य लाभावं म्हणून. सरकारने मात्र क्लिनिकांवर धाडी घातल्या. इतक्या बायकांना चोरून का जावं लागलं हा खरा प्रश्न होता, आणि तो बाजूलाच राहिला.

शेवटी कोर्टाने दार उघडलं. १९ फेब्रुवारी २०२० ला घटनात्मक न्यायालयाने कलम ३०१ घटनेच्या कलम २७ आणि २८ च्या, म्हणजे समानता आणि स्वतःच्या शरीरावरचा हक्क यांच्या, विरोधात आहे असं ठरवलं आणि सुधारणेला ३६० दिवस दिले. नव्या कायद्यात १२ आठवड्यांपर्यंत अट नाही, १२ ते २० आठवड्यांत समुपदेशन घेऊन करता येतो (त्याचे नियम २०२२ मध्ये आले), आणि मुदतीबाहेर, कुठल्याच सवलतीत न बसणारा केला तर अजूनही बाईला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० बाटपर्यंत (थाई चलन) दंड.

सगळे बौद्ध देश सारखे नाहीत. श्रीलंकेत इंग्रजांची १८८३ ची दंडसंहिता अजून चालू, आईचा जीव वाचवण्याखेरीज परवानगीच नाही, कंबोडियाने १९९७ लाच १२ आठवडे मोकळे केले, जपानमध्ये १९४८ पासून कायदेशीर वाट आहे आणि जन्माला न आलेल्या बाळांसाठी मिझुको कुयो हा विधी होतो. भारतात १९७१ चा कायदा आला तो महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीमुळे, त्यामुळे तेव्हापासून इथल्या बौद्ध बाईपुढे थाई बाईइतकी कायद्याची अडचण उरली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९३८ मध्येच मुंबई विधानसभेत संततिनियमनाची बाजू मांडायला भाषण तयार केलं होतं, ते सभागृहातले त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवलं.

गर्भपात झाल्यावर थाई बाई काय करते? पुष्कळ जणी विहारात जाऊन संघदान करतात. पिवळ्या बादलीत साबण, तांदूळ, चहा, औषधं असं भिक्खूंच्या रोजच्या वापराचं सामान, मग भिक्खू पाठ म्हणत असताना छोट्या भांड्यातलं पाणी वाटीत सावकाश ओतत त्या बाळाला पुण्य अर्पण करायचं, नंतर ते पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं. पापाची भीती आहेच, बाळाचं भूत मागे लागेल अशीही काहींना वाटते, पण निर्णय चुकला असंच त्यातून दर वेळी निघत नाही, दुःख आणि निर्णय दोन्ही बरोबर राहतात.

अडतं ते सेवेपाशी. गर्भपातासाठीचं, मिफेप्रिस्टोनची १ आणि मिसोप्रोस्टॉलच्या ४ गोळ्यांचं पाकीट २०१४ च्या अखेरीपासून नोंदलेलं आहे, पण ते मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, नोंदणी झालेल्या दवाखान्यातच मिळतं. सरकारी आरोग्य विम्यातून ३,००० बाटपर्यंत खर्च दिला जातो. तरी डॉक्टर किंवा नर्स श्रद्धेचं कारण देऊन नाही म्हणू शकतात, फक्त दुसरीकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि काही प्रांतांत सेवा देणारं हॉस्पिटलच नाही. मग १६६३ या हेल्पलाइनला फोन करायचा, तिथून आरएसए नावाच्या डॉक्टरांच्या नेटवर्ककडे नाव जातं, बाई बस पकडून दुसऱ्या प्रांतात जाते, बसभाडं आणि बुडालेली मजुरी तिची तिलाच. गावातली शिकणारी मुलगी किंवा फॅक्टरीतली कामगार असेल तर नकार, फोन, पैशाची जुळवाजुळव यात आठवडे जातात आणि १२ ची मुदत उलटून गेली की पुढची सेवा देणारी हॉस्पिटलं आणखी कमी उरतात.