महिला क्रिकेट: पहिली नोंद १७४५ची

नवी मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीत कौरच्या संघाने विश्वचषक जिंकला. तेव्हापासून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: बायकांचं क्रिकेट आता कुठे सुरू होतंय. हे खरं नाही. महिलांच्या सामन्याची सापडलेली सर्वांत जुनी नोंद २६ जुलै १७४५ची आहे. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी लॉर्ड्सचं पहिलं मैदान तयार झालं.

इंग्लंडच्या सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमन या गायरानावर ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या मुली खेळल्या. (हे हॅम्बल्डन सरेतलं. पुरुषांच्या क्लबमुळे गाजलेलं गाव हॅम्पशायरमधलं, ते वेगळं.) अकरा-अकराचे संघ होते आणि सगळ्यांचे कपडे पांढरे. ब्रॅम्लीच्या मुलींच्या डोक्याला निळ्या फिती होत्या, हॅम्बल्डनच्या मुलींच्या लाल. धावा तेव्हा काठीवर खाचा पाडून मोजत. हॅम्बल्डनच्या १२७ खाचा झाल्या, ब्रॅम्लीच्या ११९. ‘रीडिंग मर्क्युरी’ या वृत्तपत्राने लिहिलं की गोलंदाजी, फलंदाजी, धावणं, झेल हे सगळं या मुलींनी बहुतेक पुरुषांच्या तोडीचं केलं, आणि अशा प्रसंगी एवढे बाप्ये-बायका जमलेले कधी कुणी पाहिले नव्हते. म्हणजे पहिल्याच नोंदीत धावफलक आहे, गणवेश आहे आणि प्रेक्षकही आहेत.

दोन वर्षांनी, जुलै १७४७मध्ये, ससेक्सच्या खेड्यांतल्या बायका थेट लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर उतरल्या. त्या काळी मोठे सामने तिथेच होत. लोक मैदानात घुसले, काही खेळाडू घाबरल्या, काहींना लागलं आणि उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी घ्यावा लागला. गावोगावी लग्न झालेल्या विरुद्ध कुमारिका अशा लढती रंगत. बक्षीस म्हणून कुठे मोठा प्लम केक आणि बिअरचं पिंप असे. १८११मध्ये लंडनजवळ बॉल्स पाँड इथे सरे आणि हॅम्पशायरच्या महिला एकमेकींशी भिडल्या. हा सामना दोन सरदारांनी ५०० गिनींच्या (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) पैजेवर लावला होता. हॅम्पशायर जिंकलं.

या पैजेपाशी मला थांबावंसं वाटतं. मैदानात घाम गाळणाऱ्या बायका होत्या, पण सामना ठरवणारे आणि त्यावर पैसे लावणारे बहुतेक पुरुष. स्वतःचा क्लब, स्वतःची तिजोरी असं त्यांचं काहीच नव्हतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात सभ्यपणाच्या कल्पना बदलल्या आणि चारचौघांत धावणारी बाई खटकू लागली, तेव्हा हे सामने बघता बघता ओसरले. खेळ टिकवून धरायला मागे कुणीच नव्हतं.

क्रिस्टियाना विल्सची गोष्टही याच काळातली. भाऊ जॉन याला चेंडू टाकताना हात झग्याच्या घेराला अडू नये म्हणून ती खांद्याच्या पातळीवरून फेकायची आणि त्यातून राउंड-आर्म गोलंदाजी जन्मली, असं सांगतात. पण तेव्हा घेरदार झग्यांची फॅशनच नव्हती, म्हणून ही कथा जपून घ्यावी. जॉनने मात्र ही शैली खरोखरच लावून धरली होती. १८२२मध्ये लॉर्ड्सवर ती नो-बॉल ठरवली गेली, तेव्हा तो चिडून मैदान सोडून निघून गेला. १८३५मध्ये ती नियमांत बसली.

पुढे खेळ उमरावांच्या हिरवळीवर गेला. १८८७मध्ये यॉर्कशायरमध्ये आठ खानदानी स्त्रियांनी ‘व्हाइट हेदर क्लब’ काढला. १८९०मध्ये ‘ओरिजिनल इंग्लिश लेडी क्रिकेटर्स’ हे धंदेवाईक पथक निघालं. त्यातल्या मुली खोट्या नावांनी खेळत आणि दौऱ्यावर देखरेखीला एक बाई सोबत असे. लिव्हरपूलला त्यांचा खेळ पाहायला सुमारे १५,००० लोक आले होते. पण कारभार पुन्हा पुरुषांकडेच होता. व्यवस्थापक पैसे घेऊन पसार झाला असं म्हणतात. दोनेक वर्षांत पथक मोडलं.

खरा फरक पडला तो १९२६मध्ये. हॉकी आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या काही जणी इंग्लंडमधल्या कोलवॉल या गावी हौसेने क्रिकेट खेळल्या आणि त्याच वर्षी त्यांनी विमेन्स क्रिकेट असोसिएशन स्थापन केली. आता मैदान मिळवणं, सामने ठरवणं, दौऱ्याला पैसे जमवणं बायकांच्याच हातात आलं. आठ वर्षांनी, डिसेंबर १९३४मध्ये, बेटी आर्चडेलचा इंग्लंड संघ ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पहिली महिला कसोटी खेळला. मर्टल मॅक्लेगनने १० धावांत ७ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ४७ धावांत आटोपला. इंग्लंडने सामना नऊ गड्यांनी जिंकला. पहिला महिला विश्वचषक इंग्लंडमध्ये १९७३ साली झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. इंग्लंडची कर्णधार रेचल हेहो-फ्लिंटने त्यासाठी कंबर कसली आणि उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी ४०,००० पौंड दिले.

भारतातली महिला क्रिकेट संघटनाही त्याच १९७३ची. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वाराणसीच्या दुसऱ्या स्पर्धेत ते आठ झाले.