तिवराची बेटे (ठाणे खाडी)

ठाणे व नवी मुंबईमधल्या खाडीत गाळ साचून उभी राहिलेली, तिवरांनी (खारफुटीच्या झाडांनी) झाकलेली निर्मनुष्य बेटे. घारापुरीसारखा खडक इथे वर डोकावत नाही, पायाखाली चिखलच. गोडे पाणी नाही आणि उधाणाला जमीनच पाण्याखाली जाते, त्यामुळे वस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही.

खाडी सुमारे २६ किमी लांब असून उत्तरेला चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीला जोडलेली आहे; दक्षिणेला ती मुंबई बंदरात उघडते. भरतीबरोबर आलेली बारीक माती खाऱ्या पाण्यात एकमेकींना चिकटून जड होते आणि पाणी थबकले की तळाला बसते. थर चढत जाऊन ओहोटीला उघडा पडू लागला की तिवराचे बी तिथे अडकते. ते झाडावरच अंकुरलेले असते, तरीही रुजायला त्याला काही दिवस लाटांचा धक्का नको असतो. ही सवड भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते तेव्हा मिळते. मुळे धरण्याआधी उधाण आले तर रोप उपटून जाते. जगलेच तर चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळे वर येतात, ती आणखी गाळ अडवतात आणि बेट वाढते. तिवर सर्वांत जास्त. शिवाय चिपी आणि काटेरी मारांडी. चिखलात चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे).

भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा ठोकताळा मुंबई बंदराचा, ठाण्याकडे वर पाणी थोडे उशिरा पोचते. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. मोठ्या उधाणाला दोन्हींतला फरक ४ मीटरच्या वर जातो. होडी बेटाजवळ न्यायची ती चढत्या पाण्यावर, आणि पाणी फिरण्याआधी निघायचे. उतरत्या पाण्यात होडी चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. उतरून ढकलायला जाणाऱ्याचे पाय रुततात, वर कालवांच्या धारेने कापले जातात.

साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरे आणि ठाणे जिथे वसले तो भूभाग, हे एकेकाळी स्वतंत्र बेट आणि ही खाडी त्याची पूर्वेकडची हद्द. काठावर मिठागरे आणि खाजणाचे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे) बांध होते. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणकडे रेल्वे गेली ती खाडी ओलांडूनच. १९७३ मध्ये वाशीचा पहिला पूल झाला. पुलाच्या खांबांमागे प्रवाह मंदावतो आणि गाळाला बसायला जागा मिळते, म्हणजे बेटांच्या वाढीला माणसाचाही हातभार आहे.

ऐरोली आणि वाशी पुलांमधला सुमारे १७ चौ. किमी भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला. त्यामुळे इथे वन विभागाच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. ऐरोलीच्या केंद्रातून होडीची फेरी मात्र मिळते. थंडीत येणारे रोहित (फ्लेमिंगो) बेटावर बसत नाहीत, ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्टीवर चरतात. तिवर जितके पसरेल तितकी ही पट्टी आकसते, हे झाडे लावायला निघालेल्यांच्या क्वचितच लक्षात येते. प्लास्टिकचा त्रास उलट झाडांना: भरतीने आणलेल्या पिशव्या श्वासमुळांना गुंडाळून बसतात आणि झाड उभ्या उभ्या गुदमरते.