हळकुंडाच्या पिवळ्या रंगाचं कागदोपत्री नाव

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात. गाभा गडद केशरी असला तर बोली चढते. हा रंग कुरकुमिनचा. पण कुरकुमिन हे झालं घरातलं हाक मारायचं नाव. त्रिमितीच्या खुणा वगळल्या तर कागदोपत्री नाव असं आहे: 1,7-बिस(4-हायड्रॉक्सी-3-मेथॉक्सीफिनाइल)हेप्टा-1,6-डायीन-3,5-डायोन. बारावीची मुलं याला उगाच बिचकतात.

हे नाव शेवटाकडून वाचावं. 'हेप्टा' म्हणजे सात कार्बनची साखळी. 'डायोन' सांगतं की तिच्या तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर कीटोन गट आहेत, म्हणजे त्या कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलाय. 'डायीन' म्हणजे पहिल्या आणि सहाव्या कार्बनपासून सुरू होणारे दोन दुहेरी बंध. उरलेल्या भागात 'बिस' म्हणजे दोनदा, आणि 1,7 म्हणजे साखळीच्या दोन्ही टोकांना. तिथे बेंझीनचं, म्हणजे सहा कार्बनचं, एकेक वलय लटकलेलं आहे. कीटोन साखळीवर असल्यामुळे मान साखळीला मिळाला आणि वलयाला उपगट म्हणून 'फिनाइल' व्हावं लागलं.

आता कंसात शिरू. वलयाचा जो कार्बन साखळीला जोडलाय तो पहिला. तिथून मोजलं की तिसऱ्यावर मेथॉक्सी (OCH₃), चौथ्यावर हायड्रॉक्सी (OH). उलट्या बाजूने मोजलं असतं तर मेथॉक्सी पाचव्यावर आला असता. पण आकडे शक्य तितके लहान ठेवायचे असा नियम आहे. मग नावात 4 आधी आणि 3 नंतर का? कारण उपगट रोमन अक्षरांच्या क्रमाने लावतात. मराठी वर्णमालेने लावले असते तर 'म' आधी आला असता आणि 'ह' पार शेवटी!

हेच वलय साखळीऐवजी अल्डिहाइड गटाला (CHO) जोडलं की होतं 4-हायड्रॉक्सी-3-मेथॉक्सीबेंझाल्डिहाइड, म्हणजे आइस्क्रीममधलं व्हॅनिलिन. इथे बेंझीन मूळ नावात जाऊन बसलं.

आकडा बदलला की पदार्थच बदलतो. बेंझीनवर दोन क्लोरीन बसवले तर तीन वेगळी संयुगं मिळतात: 1,2 म्हणजे ऑर्थो, 1,3 म्हणजे मेटा, 1,4 म्हणजे पॅरा. रेणुसूत्र तिघांचं एकच. पॅरा सुमारे 53 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून त्याच्या पांढऱ्या गोळ्या कपड्यांत ठेवता येतात. ऑर्थो उणे 17 अंशांनाच वितळतो, त्यामुळे तो आपल्याकडे कायम द्रवच. 1,5 मात्र शोधू नका. उलटीकडून मोजलं की तो 1,3 च निघतो.

बेंझीनसारखं वलय असलेल्या संयुगांना 'अरोमॅटिक', म्हणजे सुवासिक, म्हणतात. राहिला प्रश्न या शब्दाचा. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने 1825 मध्ये दिवाबत्तीच्या गॅसच्या तेलकट गाळातून बेंझीन वेगळं केलं. 1833 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मिट्शरलिखने ते बेंझोइक आम्लापासून मिळवलं, आणि हे आम्ल येतं लोबानसारख्या सुवासिक राळेतून. अशाच वासांमुळे या कुळाला हे नाव चिकटलं. आज मात्र रसायनशास्त्रज्ञ वास घेत बसत नाहीत, वलयात फिरणारे इलेक्ट्रॉन बघतात. हळदीतच बघा ना. कुरकुमिन अरोमॅटिक, पण हळदीचा वास त्याचा नाही; तो उडून जाणाऱ्या तेलांचा. त्या तेलांतल्या 'एआर-टर्मेरोन'मध्ये बेंझीनचं वलय आहे. अल्फा-टर्मेरोनमध्ये ते नाही, तरी हळदीच्या वासात त्याचाही वाटा असतोच.

हळदीत कुरकुमिनची दोन भावंडंही असतात. एकात एक मेथॉक्सी गायब, ते डिमेथॉक्सीकुरकुमिन. दुसऱ्यात दोन्ही गायब, ते बिसडिमेथॉक्सीकुरकुमिन. नेहमीच्या तपासणीत अर्कातून 425 नॅनोमीटरचा प्रकाश सोडून तो किती शोषला जातो ते मोजतात. तिघंही पिवळी, तिघंही तो प्रकाश शोषतात. त्यामुळे अहवालात 'कुरकुमिन' म्हणून जी टक्केवारी छापून येते, ती या तिघांची मिळून असते.