राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार (स्काउट-गाइड)

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेत शालेय वयाच्या, साधारण 10 ते 17 वर्षांच्या मुलामुलींना मिळवता येणारे दोन सर्वांत वरचे सन्मान. पहिला राज्यपालांच्या, दुसरा राष्ट्रपतींच्या नावाने दिला जातो. इंदुरातली मराठी मुले बहुधा शाळेच्या दलातून या वाटेला लागतात. दलातली प्रतिज्ञा, नियम, हुकूम सगळे हिंदीत. घरी आजीला सांगायचे ते मराठीत.

हे पुरस्कार कोणाला हरवून मिळत नाहीत. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या कसोटीला जो उतरेल त्याला ते मिळतात. शाळेतली बाकीची बक्षिसे क्रमांकावर बेतलेली असल्याने पालकांच्या हे चटकन लक्षात येत नाही.

स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले. 1909 मध्ये बंगळुरूला स्काउट पथक निघाले, पण भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. पुढे अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय पथके उभारली. 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एक झाल्या. पुढच्या वर्षी गाइड, म्हणजे मुलींची संघटनाही त्यात आली.

प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण आहे. वरच्या पायऱ्यांची चाचणी शिबिरात होते: प्रथमोपचार, नकाशा-होकायंत्र, स्वयंपाक, तंबू, सेवाकार्य. उदाहरणार्थ, मोडलेल्या हाताला तिकोनी पट्टीची झोळी बांधताना रीफ गाठ मारतात. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. गाठ सपाट बसते, मानेला रुतत नाही. दुसऱ्या फेऱ्यातही उजवेच टोक वर घेतले, तर दिसायला गाठ तशीच, पण ताण आला की घसरते.

तरी सगळ्यात कठीण भाग गाठींचा नाही, टोलीचा आहे. 6 ते 8 मुलांची एक टोली, तिचा एक टोलीनायक. तो वयाने फार मोठा नसतो आणि त्याच्या हाती शिक्षाही नसते. कणीक कोण मळणार, ओली लाकडे पेटेनात तर काय करायचे, घरच्या आठवणीने गप्प झालेल्या लहानग्याला कोणाशेजारी झोपवायचे, हे त्यालाच ठरवावे लागते. नेतृत्व शिकवण्याची याहून चांगली शाळा सापडणे अवघड. म्हणूनच आदल्या रात्री दुसऱ्याची लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) उतरवून शिबिराला जाणे हे स्वतःचेच नुकसान आहे. कागद मिळेल, टोली सांभाळणे येणार नाही.

सरावाला इंदूरच्या आसपास जागांची वाण नाही. हाइकसाठी रालामंडल आहे, महूजवळचे पाताळपाणी आहे. सेवेसाठी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांची) मिरवणूक आहे: रात्रभर लोटणाऱ्या गर्दीत पाणी देणे, चुकलेल्या मुलाला आईबापांकडे पोचवणे. संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही मध्य प्रदेशातच, पचमढीला आहे.

राष्ट्रपती पुरस्काराचा पुढे नोकरीतही उपयोग होतो: भारतीय रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते आणि हा पुरस्कार तिथे पात्रतेत धरला जातो. कॉलेजात रोव्हर किंवा रेंजर (मोठ्या वयाचे स्काउट-गाइड) म्हणून 25 वर्षांपर्यंत हेच काम चालू ठेवता येते. कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, अर्थात एनएसएस, ही मात्र वेगळी, 1969 पासूनची. तिथे दोन वर्षांत 240 तासांची सेवा आणि 7 दिवसांचे शिबिर करावे लागते, आणि तिचे पुरस्कार वेगळे असतात.