लेखनाभ्यास

लेखनाभ्यास : नियमित सवय आणि योग्य साधने यांच्या आधाराने लेखनकौशल्य वाढविण्याची पद्धती. मराठीत या संज्ञेचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिला अक्षराला वळण लावण्याचा, दुसरा विचारांची मांडणी आणि भाषा घोटून घेण्याचा. पहिला अर्थ जुना असून धूळपाटी, बोरू, दौत आणि कित्ता ही त्याची साधने होती. ‘कित्ता गिरवणे’ या वाक्प्रचारात ती सवय आजही टिकून आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसरा अर्थ विचारात घेतला आहे.

अभ्यासाने लेखन साधते की त्याला उपजत प्रतिभाच लागते, हा प्रश्न संस्कृत काव्यशास्त्रात बराच चर्चिला गेला. मम्मटाने (अकरावे शतक) शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू, म्हणजे कारण, मानला. त्याच्या बऱ्याच आधीच्या, सामान्यतः सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी ठेवल्या जाणाऱ्या दंडीने नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ व्यासंग आणि अखंड उद्योग यांना काव्यसंपदेचे कारण म्हटले. मात्र पूर्वसंस्कारजन्य प्रतिभा नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी उपासलेली वाणी काहीतरी अनुग्रह करतेच, अशी पुस्तीही त्याने जोडली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने दंडीचे मत अधिक उपयोगी ठरते.

मराठीत लेखनाच्या सवयीविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी ओळ म्हणजे ‘दिसामाजी काही तरी ते लिहावे । प्रसंगी अखंडीत वाचीत जावे’. ती समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) नावावर, आणि पुष्कळदा दासबोधातील म्हणून, दिली जाते. यांपैकी दुसरे विधान टिकण्यासारखे नाही. दासबोध ओवीबद्ध आहे; या ओळीच्या प्रत्येक चरणात मात्र चार यगण (यगण म्हणजे एक लघू, ऱ्हस्व उच्चाराचे, आणि दोन गुरू, दीर्घ उच्चाराची, अशा तीन अक्षरांचा गण), म्हणजे बारा अक्षरे असून वृत्त भुजंगप्रयात आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात ‘लिहिणे’ या क्रियापदाचे ‘ल्याहावें’ हे रूप येते. तीनही अक्षरे गुरू असल्याने ते या चरणाच्या शेवटच्या गणात बसत नाही. तेथे लघूने सुरू होणारे ‘लिहावे’च लागते. मनाचे श्लोकही भुजंगप्रयातात असल्याने ओळ समर्थसंप्रदायाच्या वळणाची वाटते, परंतु केवळ वृत्ताच्या साम्यावरून कर्तृत्व सिद्ध होत नाही. म्हणून ‘समर्थांच्या नावावर रूढ असलेली’ असा तिचा उल्लेख करणे अधिक सुरक्षित होय.

दासबोधातील उपरोक्त समास लेखनक्रियेचाच आहे, पण त्याचा विषय हस्ताक्षर आणि पोथी तयार करण्याची कृती हा आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, असा बारकावा त्यात आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, ही त्यातील अपेक्षा रचनेच्या सलगतेलाही लागू पडते.

कोल्हापुरात या अभ्यासाला पोषक संस्था लवकर उभ्या राहिल्या. करवीर नगर वाचन मंदिराचा आरंभ १८५० मध्ये झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्यामुळे पूर्वी लेखणीपासून दूर ठेवलेल्या समाजांपर्यंत लेखन पोहोचण्याची वाट खुली झाली. वाङ्मयाच्या इतिहासात या घटनेची दखल आहे त्याहून अधिक घ्यायला हवी. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात कथा-कादंबरीच्या तंत्राचे विवेचन केले. कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेले वि. स. खांडेकर उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावरही लेखनिकाला मजकूर सांगून लिहीत राहिले. शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) त्यांचे स्मृतिसंग्रहालय असून तेथील बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय अभ्यासकांना उपयोगी आहे.

साधनांपैकी कोश आणि लेखननियम ही दोन मुख्य होत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला व १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात प्रांतिक शब्दांचीही नोंद असल्याने बोलीतून लिहिणाऱ्यास तो विशेष जवळचा वाटतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये आणि त्यांना जोडलेले आणखी चार १९७२ मध्ये आले. ‘गुरू’मधील अन्त्य उकार दीर्घ, पण ‘गुरुदक्षिणा’ या समासात तो ऱ्हस्व, अशा जागा नियम पाठ करून नव्हे, तर रोजच्या वापरात कोश उघडण्याच्या सवयीने पक्क्या होतात.

कोल्हापूर परिसरातील लेखकापुढे बोलीचा प्रश्न ठळकपणे उभा राहतो. येथे मुली व स्त्रियाही सहजपणे ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. प्रमाण लेखनात ती रूपे बदलावी लागतात. महामंडळाच्या नियमांनी ‘असं केलं’ यासारखी अनुस्वारयुक्त रूपे बोलण्याच्या भाषेपुरती मान्य करून अन्यत्र ‘असे केले’ हा प्रघात ठेवला आहे. कागलचे आनंद यादव यांनी मात्र या भागाची बोली साहित्यात समर्थपणे वापरली. म्हणून बोली टाकून देणे हा लेखनाभ्यासाचा हेतू समजू नये. कोणती भाषा कोठे योजावी याचे भान येणे हा त्याचा भाग आहे.

प्रत्यक्ष अभ्यासात ठरावीक वेळी थोडेसे लिहिणे, रोजनिशी किंवा पत्रलेखन, वाचलेल्या उताऱ्याचा स्वतःच्या शब्दांत सारांश, नव्या शब्दांची वही आणि लिहिलेले मोठ्याने वाचणे या गोष्टी येतात. मोठ्याने वाचताना जेथे श्वास अडतो तेथे वाक्य बहुधा सैल झालेले असते. सर्वांत दुर्लक्षित राहते ते पुनर्लेखन. मजकूर दोन-चार दिवस बाजूला ठेवून पुन्हा पाहिल्यास अनावश्यक विशेषणे आणि एकच मुद्दा सांगणारी दोन वाक्ये चटकन दिसतात. शाळांतून मात्र गाईडमधील तयार निबंध पाठ करण्याची रीत या अभ्यासाच्या मुळावरच येते, कारण तीत विद्यार्थ्याला स्वतःचे एक वाक्यही रचावे लागत नाही.

संगणकावर देवनागरी टंकनासाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक उपलब्ध आहे. त्यात अक्षरे उच्चारक्रमाने टंकली जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतःच घ्यावा लागतो.