काल उभी राहिलेली चराची भिंत आज का ढासळते?

"आपली काळी माती चिकट आहे, ती काही रेतीसारखी ढासळत नाही." उन्हाळ्यात यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत नळयोजनेची नाली खोदताना हे हमखास ऐकू येतं. जेसीबी पुरुषभर खोल, सरळ उभी नाली काढून पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी मजूर पाइप जोडायला खाली उतरतात. भिंत रात्रभर टिकली म्हणजे ती पक्की, असं सगळे धरून चालतात. हे धरून चालणंच जिवावर बेततं. काळ्या मातीतली उभी भिंत दर तासाला कमजोर होत असते.

हे का होतं, ते कार्ल तेर्झागी या अभियंत्याने 1920च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावरून कळतं. मातीची ताकद तिच्यावर किती वजन आहे यावर ठरत नाही. कण एकमेकांवर किती दाबले जातात यावर ती ठरते, आणि हा दाब म्हणजे एकूण दाबातून छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर उरतो तो. आता गंमत अशी, की पाण्याचा हा दाब शून्याच्या खालीही जातो. नदीच्या ओल्या रेतीत पायावर थापलेला खोपा पाय काढल्यावरही उभा राहतो तो त्यामुळेच: ताणलेलं पाणी कणांना आवळून धरतं. नाली खोदली की बाजूचा आधार जातो, माती फुगू पाहते, आतलं पाणी ताणलं जातं आणि भिंत उभी राहते. पण ही ताकद उसनी असते. आजूबाजूची ओल हळूहळू तिकडे सरकते, ताण सैल होतो, कणांची पकड सुटते. त्याला काही तास लागतील की काही दिवस, हे वरून बघून कोणालाही सांगता येत नाही.

पुस्तकात उभ्या कापाची कमाल खोली काढायचं सूत्र आहे: मातीचे कण एकमेकांना चिकटून राहण्याची ताकद, म्हणजे इंग्रजीत 'कोहेजन', तिची चौपट भागिले एका घनमीटर मातीचं वजन. ही ताकद 20 किलोपास्कल आणि वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन धरलं, तर उत्तर जवळपास साडेचार मीटर येतं. एवढं मोठं उत्तर येतं ते माती अखंड आहे असं गृहीत धरल्यामुळे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात अखंड कुठे असते? तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी एखादी भेग नालीच्या काठापासून दोन-तीन फुटांवर, नालीला समांतर असली, तर मधला भाग पाठीमागून सुटलेलाच असतो. त्यात वळवाचा पाऊस आला आणि भेगेत दीड मीटर पाणी साचलं, तर नालीच्या दर मीटर लांबीमागे एक टनाहून जास्त रेटा बसतो. भेग बोटभर रुंद असो की वीतभर, रेटा तेवढाच, कारण पाण्याचा दाब खोलीवर ठरतो.

अपघात झाला की गावात बोललं जातं, "जागा बळी मागते." काम सुरू करताना नारळ फोडला असेल तर त्याला माझी हरकत नाही, पण भेग नारळाने बुजत नाही. जागेला दोष दिला की काठावरचा मातीचा ढिगारा आणि न लावलेल्या फळ्या यांबद्दल ठेकेदाराला कोणी विचारत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे सुरक्षा नियम याबाबत स्पष्ट आहेत. खोली 1.5 मीटर किंवा जास्त असेल तर बाजू पायऱ्यांसारख्या मागे घेऊन उतार द्यायचा, नाहीतर लाकडी आधाराने पक्क्या धरायच्या. काढलेली माती काठापासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांतलं जे जास्त असेल तेवढी दूर टाकायची. 1.2 मीटरपासून पुढे शिडी हवीच, दर 30 मीटरला किमान एक. फळ्या आणि आडव्या बल्ल्या वरून खाली लावत जायच्या, काढताना खालून वर यायचं. पाऊस झाला की कोणी उतरण्याआधी काठ फिरून नव्या भेगा बघायच्या.

एक घनमीटर ओली माती पावणेदोन-दोन टन भरते. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तर डोकं बाहेर असूनही गुदमरतो, कारण सोडलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर माती आणखी आवळत जाते. तेव्हा धावत खाली उडी टाकायची नाही, उरलेली भिंतही केव्हाही येऊ शकते. जेसीबीचं बकेट त्याच्याजवळ लावायचं नाही आणि दोराने ओढायचंही नाही. आधी 112 ला फोन करायचा, काठावरची गर्दी आणि यंत्रं मागे हटवायची, दोन्ही बाजूंना आधार द्यायचा आणि मग छातीभोवतीची माती हाताने, घमेल्याने काढायची.